पंपवाल्यांची पॅरलल रन

माझ्या पिशवीत कायम काजूकतलीचा डबा असायचा आणि त्यात काजूकतली कधीच नसायची. अर्ध्या किलोच्या त्या चपट्या पुठ्ठ्याच्या डब्यात सव्वापाच इंची फ्लॉप्या अगदी बेताच्या बसायच्या. कंपनीने दिलेला प्लॅस्टिकचा खोका पहिल्याच महिन्यात तडकला, म्हणून मी ही सोय केली होती. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात तो डबा टेबलावर ठेवला की चार माना हमखास वळायच्या. घाटकोपरला एका साबणवाल्याच्या शिपायाने माझी पाठ वळल्याबरोबर झाकण उचललं, आत बघितलं, आणि मी वळल्यावर अगदी काळजीने विचारलं, "बाई, हे असं काळं कशाने झालं?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतेय. अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर होते. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत विखुरलेली जुनी मशिनं चालती ठेवायची आणि त्यांच्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची, हे माझं काम. दारात मी उभी राहिले की लोक माझ्या खांद्यावरून मागे बघायचे, इंजिनिअर कुठवर आलाय ते. मीही एकदा-दोनदा त्यांच्याबरोबर मागे वळून बघितलं होतं. तेवढ्याने माणसं ओशाळायची आणि चहा लवकर यायचा.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकांना मंगल कार्यालयाच्या मॅनेजरवरून समजवायचे. त्याचं स्वतःचं लग्न नसतं, तो पंगतीलाही बसत नाही. पण वऱ्हाड कुठल्या खोलीत उतरायचं, स्वयंपाकघर कधी उघडायचं, पहिल्या पंगतीला कोण, हे सगळं त्याच्या हातात. कॉम्प्युटर सुरू केला की तो आधी या मॅनेजरला हाक मारतो. मॅनेजर जागेवर नसेल तर पुढे काही हलत नाही. आमच्या मशिनांवरच्या मॅनेजरचं नाव डॉस, आणि तो फ्लॉपीवर राहायचा. नवा डॉस आला की कार्यालय तेच, खोल्याही त्याच, पण कामाची रीत बदलायची. आणि जुन्या नोकरमंडळींना नवा मॅनेजर कधी आवडलाय?

बोरिवलीच्या एका शेटजींनी मला जुना डॉस पुसू दिला नाही. "त्याच्या पायगुणाने धंदा वाढला, बेन," म्हणाले, आणि ती फ्लॉपी त्यांनी देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवली. पुढच्या खेपेला बघते तर तिच्यावर हळदकुंकू. अंधेरीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला लावायचे. तशा सगळीकडेच लावायचे, देवळातही नसेल इतकं सोवळं. तिथून माझ्या नव्या चपला गेल्या आणि मालकाच्या न्हाणीघरातल्या रबरी सपाता घालून मी घरी आले. आईने दारातच विचारलं, "पगारवाढ मिळाली वाटतं?"

पण सांगायची आहे ती मुलुंडची गोष्ट.

मुलुंडला आग्रा रोडला लागून पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता. तिथले मॅनेजर दिघेसाहेब. उंच, शिडशिडीत, शर्टाच्या खिशात एक लाल आणि एक निळं पेन, हसणं बहुधा रविवारी. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आमचं मशीन म्हातारं झालंय. जेवण झाल्यावर सॉर्टिंगला लावलं की चहा होऊन गेला तरी संपत नाही. काहीतरी करा."

हे सॉर्टिंग म्हणजे सुट्या भागांची यादी. पंपाला वॉशर लागतात, सील लागतात, बेअरिंग लागतात, आणि आत इंपेलर लागतो, म्हणजे पाणी फेकणारा पंखा. कुठला भाग गोदामात किती शिल्लक आहे, ते नंबराच्या क्रमाने लावून रोज छापायचं, असा दिघेसाहेबांचा दंडक. त्यामागे इतिहास होता. आदल्या वर्षी पंपांची एक खेप बाहेरगावी गेली आणि त्यातल्या कित्येक पंपांत पंखाच नव्हता. मोटर नुसती घूं घूं करायची. चौकशीत निघालं की ज्या दुपारी ते पंप बांधले गेले, त्या दुपारी गोदामातली सगळी माणसं कँटीनमध्ये होती. कँटीनमध्ये कामगारांच्या एकांकिका स्पर्धेची तालीम चालू होती. दिघेसाहेबांनी त्याच दिवशी दोन हुकूम काढले. रोज यादी छापायची, आणि गेटच्या आत नाटक बंद.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सॉर्टिंग चालू होतं, म्हणून मला बाहेर बसवलं. कॉम्प्युटरची खोली म्हणजे दिघेसाहेबांच्या केबिनशेजारची एसीची लहान खोली. ऊन येऊ नये म्हणून काचेला खाकी कागद चिकटवलेला. सॉर्टिंग चालू असताना दार उघडलं तर धूळ जाऊन सगळं बिघडेल, असं मशीन विकणाऱ्याने सांगून ठेवलं होतं, आणि ते सगळे पाळत होते. मी केबिनमध्ये दिघेसाहेबांसमोरच्या खुर्चीत बसले. आतून प्रिंटरचा किरकिराट येत होता, आणि त्या किरकिराटातून अचानक एका बाईचा आवाज आला.

"हो! मीच कालवलं! मीच!"

मी दचकून दिघेसाहेबांकडे बघितलं. ते लाल पेनाने काहीतरी खोडत होते.

"का कालवलंस?" आतून एक पुरुष ओरडला.

"साहेब, आत..." मी म्हटलं.

"मशीन लोडवर असतं या वेळी," दिघेसाहेब मान वर न करता म्हणाले.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आतून तिघं बाहेर आली. कॉम्प्युटर चालवणारी प्रमिला सावंत, पंचविशीची, बारीक चणीची, डोळे लाल. स्टोअरकीपर खानोलकर, पन्नाशीचे, वेंगुर्ल्याकडचे. आणि इलेक्ट्रिशियन विलास, हातात टेस्टर. तिघांच्या कपाळावर घाम, आत एसी चालू असताना. मला तेव्हा काही उलगडलं नाही. एवढंच लक्षात आलं की मी कशासाठी आलेय ते कळताच तिघांचे चेहरे उतरले.

मशिनाचं दुखणं सोपं होतं. त्याला फक्त दोन फ्लॉपी ड्राइव्ह होते आणि यादी कित्येक फ्लॉप्यांवर पसरलेली. मशीन थोडं वाचणार, थोडं लिहिणार, मग पडद्यावर मागणार की फ्लॉपी बदला. असं तासन् तास. त्याला हार्ड डिस्क बसवली की काम उरकणार होतं. पण त्यांच्या जुन्या डॉसला हार्ड डिस्क ही चीजच ठाऊक नव्हती, पुढ्यात आणून ठेवली तरी तो ओळख दाखवत नसे. म्हणून आधी नवा डॉस आणि मग डिस्क.

दिवस ठरवून मी गेले, तर खानोलकर दारात आडवे. "मॅडम, ह्या मशीन बरा चलता. तेका कित्याक हात लावतास?" विलास म्हणाला, "आज नको मॅडम, स्टॅबिलायझर एकदम डेंजर मूडमध्ये आहे." प्रमिलाने सांगितलं की कपाटाची किल्ली सापडत नाही आणि मूळ फ्लॉप्या कपाटात आहेत. दुसऱ्या खेपेला अमावास्या निघाली. तिसऱ्या खेपेला खानोलकरांची मावशी वारली.

"गणपतीत वारली ती कोण मग?" दिघेसाहेबांनी विचारलं.

"ती मोठी," खानोलकर म्हणाले. "ही धाकटी."

दिघेसाहेबांनी स्वतः कपाट उघडवलं, मला आत बसवलं आणि ते ट्रॉम्बेला एका गिऱ्हाइकाकडे निघून गेले. आता कुणाची मावशी उपयोगाची नव्हती. मी मशीन उघडलं, डिस्क बसवली, नवा डॉस चढवला. हे लिहायला एक ओळ लागते, पण खरं तर तो जीव मुठीत धरून करायचा उद्योग असायचा. आधी सगळ्या फ्लॉप्यांच्या नकला करून घ्यायच्या, कारण एखादी आयत्या वेळी डोळे मिटायची. मग डिस्क आखून घ्यायची आणि त्या वेळात कुणी वायरला पाय लावू नये म्हणून मनात नसलेल्या देवालाही हात जोडायचे. शेवटी यादीचा प्रोग्रॅम नव्या घरात हलवायचा. ते सगळं झालं आणि मी सॉर्टिंग सुरू केलं. सांगितलेला चहा येण्याआधी यादी छापून बाहेर पडली.

इतकं झकास काम माझ्या हातून फार वेळा झालेलं नाही. मी मोठ्या दिमाखात वळले. तिघंही घरातलं कुणी गेल्यासारखी उभी होती.

"झालं? सगळं?" प्रमिलाने विचारलं.

"सगळं."

"परत हळू नाही ना होणार?"

"मुळीच नाही," मी अभिमानाने म्हटलं, आणि ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. लोड वगैरे काही नव्हतं. हे रडणं खरं होतं.

"आमची वाट लागली," खानोलकर भिंतीला म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. गेटच्या आत नाटक बंद झाल्यावर खानोलकरांनी तीन पात्रांची एकांकिका लिहिली होती, कारण त्या खोलीत शिरायला चौथ्या माणसाला निमित्तच नव्हतं. फ्लॉप्या बदलायला प्रमिला लागायचीच. भागांचे नंबर सांगायला म्हणून खानोलकर आत, स्टॅबिलायझरला म्हणून विलास आत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ते प्रिंटरला उगाचच चाचणीची पानं छापायला लावायचे. नवऱ्याने जन्मभर कोठीच्या किल्ल्या स्वतःच्या कमरेला बांधून ठेवलेल्या, आणि बायको शेवटी त्याच्या दुधात विष कालवते, अशी गोष्ट. नवरा खानोलकर, बायको प्रमिला, दीर विलास.

"मग सुटल्यावर करा ना तालीम," मी म्हटलं.

"सुटल्यावर मला जमत नाही," प्रमिला म्हणाली. "भांडुपला आमच्या चाळीत संध्याकाळी पाणी येतं आणि लगेच जातं. आई गुडघ्याने आजारी, भाऊ लहान. मी नाही पोचले तर घरात पाणी नाही. या दोघांचं काय, हे कधीही करतील. तालमी संध्याकाळी गेल्या की माझं काम गेलं. बाहेरची नटी आणणार, पैसे देऊन. बोलून ठेवलंय खानोलकरांनी."

खानोलकरांनी मान खाली घातली. "बाय, स्पर्धा तोंडावर इली. मी तरी काय करू?"

"मला एकदाच करायचंय गं," ती मला म्हणाली. आम्ही तेवढ्यात अगं-तुगंवर आलो होतो. "पुढच्या वर्षी कोण कुठे असेल सांगता येतं का? घरी आत्तापासूनच स्थळं बघायला लागलेत."

मी म्हटलं, मला करून दाखवा. त्यांनी विषाचा प्रवेश करून दाखवला, माझ्या पुढ्यात, मशीन आणि कपाट यांच्यामधल्या चार फुटांत. विलास ठोकळा होता. खानोलकर जरा मोठ्याने बोलायचे. पण प्रमिला चांगली होती. बरी नाही, खरीखुरी चांगली. ती "मीच कालवलं" म्हणाली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि मला फार वाईट वाटलं की ते मी इतक्या लवकर बंद पाडलं.

"मॅडम, परत स्लो करून टाका ना," विलास म्हणाला. "काय जातंय?"

"माझं नाक जातंय," मी म्हटलं. मी चांगलं चाललेलं मशीन मुद्दाम बिघडवणार नव्हते. त्यांना राग आला तर येऊ दे. पण तेवढ्यात मला आमच्या धंद्यातली एक रीत आठवली, आणि ती आठवल्यावर मी आलेला थंड चहा एका घोटात संपवला.

ती रीत म्हणजे पॅरलल रन. नवी सिस्टीम बसवली तरी जुनी लगेच मोडीत काढायची नसते. काही आठवडे तेच काम दोन्हींवर करायचं आणि दोन्हींचं उत्तर ताडून बघायचं. जुळलं की मग जुनीला निरोप. शहाणी माणसं हे करतात. बहुतेक गिऱ्हाइकं कंटाळून दुसऱ्याच दिवशी सोडतात आणि आम्हीही आग्रह करत नाही. या वेळी मी आग्रह करायचं ठरवलं.

संध्याकाळी दिघेसाहेब आले. यादी इतक्या झटपट आलेली बघून त्यांनी प्रिंटरला हात लावून बघितला. मी त्यांना गंभीर चेहऱ्याने पॅरलल रन समजावली. सकाळी नव्या डॉसवर यादी छापायची. दुपारी जुनी फ्लॉपी घालून तेच सॉर्टिंग जुन्या डॉसवर लावायचं. ते रखडत असताना इथे बसून नवी यादी मोठ्याने वाचायची आणि गोदामातल्या शिल्लकीशी पडताळायची. शेवटी दोन्ही याद्या जुळवायच्या.

"किती माणसं लागतील?"

"एक वाचायला, एक पडताळायला, एक विजेवर लक्ष ठेवायला," मी म्हटलं. "तिघं तरी."

प्रमिलाने माझा हात मागून इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. पंख्याविना गेलेले पंप दिघेसाहेब विसरले नव्हते. त्यांचे डोळे चमकले.

"उत्तम," ते म्हणाले. "चौघं करू. मीही बसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौघं आणि पाचवी मी, त्या खोलीत. पॅरलल रन माझीच कल्पना, तेव्हा सुरुवातीचे दिवस मला बसणं भाग होतं. दिघेसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर पॅड, हातात लाल पेन. प्रमिला नवी यादी वाचणार, खानोलकर आपल्या गोदामाच्या कार्डांत बघून "आहे" नाही तर "संपलं" म्हणणार, दिघेसाहेब खूण करणार. मी मनात म्हटलं, संपली यांची तालीम. आता येणार बाहेरची नटी.

प्रमिलाने पहिलं पान उचललं. "नव्वद-अ. वॉशर," ती पुटपुटली.

"आहे," खानोलकर म्हणाले. मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे एकटक बघितलं आणि हळूच म्हणाले, "सावंत, जरा उभ्याने वाचा. साहेबांना ऐकू यायला हवं."

ती उभी राहिली. त्यांच्याकडे बघत राहिली. आणि तिला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं आणि मी तोंडावर रुमाल धरला.

"एक्याण्णव," ती म्हणाली. अगदी हळू, पदराशी चाळा करत. "बेअरिंग... मोठं."

"आहे!" खानोलकर गरजले.

"ब्याण्णव?" एक पाऊल पुढे. "ब्याण्णवही... आहे?"

"संपलं!" त्यांनी पाठ फिरवली.

विलास स्टॅबिलायझरजवळून दिराच्या जागेवर आला. म्हणजे खिडकीपाशी. पहिला प्रवेश त्यांनी वॉशरांत केला आणि भांडण बेअरिंगांत. विषाचा प्रवेश सीलच्या पानावर आला. प्रमिला नंबर वाचत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मध्येच मशिनाने फ्लॉपी मागितली की ती डोळे पुसून फ्लॉपी बदलायची आणि जिथे सोडलं तिथून पुन्हा हुंदका द्यायची. दिघेसाहेब इमानाने खुणा करत होते.

"छान वाचता हो तुम्ही," पहिल्या दिवशी संपल्यावर ते तिला म्हणाले. "एकही आकडा निसटत नाही."

हे रोज चाललं. माझं काम संपलं होतं, तरी मी निमित्त काढून मुलुंडला जायचे. अंधेरीला माझे साहेब विचारायचे, तिथे एवढं काय आहे? मी म्हणायचे, क्रिटिकल आहे. खरे संवाद प्रमिला घरी पाणी भरताना मनातल्या मनात म्हणायची. आणि खानोलकर तर आता बाहेरच्या नटीचं नाव काढायला तयार नव्हते. दिघेसाहेबांना यादी पाठ व्हायला लागली. ती वाचायच्या आधीच त्यांचे ओठ हलायचे. एकदा तर खानोलकर "आहे" फार लवकर म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, "थांबा जरा. त्यांचं वाक्य पूर्ण होऊ द्या." विलास त्या दिवशी हसू दाबायला स्टॅबिलायझरमागे वाकून फ्यूज बघत राहिला.

स्पर्धा रविवारी सकाळी होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. कारखान्याचं नाव पुकारणार म्हणून व्यवस्थापनातलं कुणीतरी हजर पाहिजे, असं वरून आलं होतं. त्यामुळे दिघेसाहेब नाइलाजाने पहिल्या रांगेत. शेजारी मी. "हे लोक तालीम कधी करतात कोण जाणे," ते मला म्हणाले. "गेटच्या आत तर मी बंद केलंय."

पडदा वर गेला. प्रमिलाने पहिल्या पाच मिनिटांत हॉल गप्प केला. मागे वेफर्स खाणारी पोरंही थांबली. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आणि मग तो प्रवेश आला, जिथे बायको नवऱ्याला म्हणते, "कोठीत काय काय आहे, ते तरी एकदा सांगा मला." ती पुढे आली. थांबली. मी तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं की शब्द गेले. पाटी कोरी. खानोलकर वाट बघत उभे. आणि त्या भयाण शांततेत, डोळे भरून, आवाज कापत, ती म्हणाली,

"एकशे चार-ब... रबर सील."

"संपलं," खानोलकर म्हणाले. त्यांच्या तोंडून ते आपोआप गेलं.

आणि माझ्या शेजारून, पहिल्या रांगेतून, दिघेसाहेब ताडकन उभे राहिले. "संपलं कसं? आहेत! बारा आहेत!"

हॉल फुटला. बाकं बडवत होते लोक. विलास रंगमंचावर पाठ फिरवून हलत होता. दिघेसाहेब उभेच होते, तोंड अर्धवट उघडं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्या दुपारी एकामागून एक उमटत गेल्या. ते माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे बघत बसले. मला हसू येत नव्हतं. मला वाटत होतं, पोरीची एकच संधी आणि मी तिच्या डोक्यात रबर सील भरलं.

प्रमिला हलली नाही. हसणं ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग ती सावकाश वळली, आधी दिघेसाहेबांकडे, मग नवऱ्याकडे.

"बारा आहेत," ती म्हणाली. "बाहेरच्या माणसाला ठाऊक आहे, बारा आहेत. आणि मी मागितलं की संपलं. या घरात जे काही संपतं, ते माझ्यापाशी येऊनच कसं संपतं हो?"

माझ्या मागे बसलेल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. दिघेसाहेब हळूच खाली बसले. प्रमिलाचे शब्द परत आले होते आणि शेवटपर्यंत एकही निसटला नाही.

निकालात प्रमिलाला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. ते मिळायलाच हवं होतं. पण परीक्षक पुढे बोलत राहिले. म्हणाले, सत्तेचा आवाज प्रेक्षकांतूनच उठवायचा, ही दिग्दर्शकाची कल्पना धाडसी आहे आणि त्या भूमिकेत कुठेही अभिनय वाटत नाही. "कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव राहून गेलेलं दिसतं. कोण ते?"

खानोलकरांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. "आमचे मॅनेजर, दिघेसाहेब," ते म्हणाले. "रोज तालमीला बसायचे."

यात खोटं काहीच नव्हतं. दिघेसाहेबांना उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रक मिळालं. ते घ्यायला जाताना ते पायरीला अडखळले, आणि सगळ्यांना तेही नाटकातलंच वाटलं.

सोमवारी सकाळी अंधेरीच्या ऑफिसात त्यांचा फोन आला. मी उभी राहूनच घेतला. मला वाटलं, आता तिघांच्या नोकरीचं निघणार, आणि माझ्याही.

"मॅडम, ते प्रशस्तिपत्रक आमच्या सौभाग्यवतींनी चौकटीत बसवायला टाकलंय," ते म्हणाले.

"अभिनंदन, साहेब."

"त्या दोन याद्या. जुनी आणि नवी. एकदा तरी वेगळ्या आल्या का हो?"

"नाही साहेब," मी म्हटलं. या बाबतीत मला खोटं बोलवेना. "एकदाही नाही."

"म्हणजे तुमची ती पॅरलल रन आता बंद करायला हरकत नाही."

मला प्रमिलाच्या घरची पाण्याची वेळ आठवली. "तशी हरकत नाही," मी म्हटलं.

मग दिघेसाहेब आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "खानोलकर पुढचं लिहितायत. त्यात एका मॅनेजरचं काम आहे म्हणे, बऱ्यापैकी मोठं. सावंतबाई असतील तरच ते काम रंगेल, असं त्यांचं मत आहे. तर ती रन इतक्यात बंद करू नये, असं तुम्ही मला तुमच्या कंपनीकडून लेखी देऊ शकाल का?"